‘मुस्लिम पीरियड’ आणि नंदुरबार

शाळेत असताना ‘पीरियड’ या शब्दाचे दोन अर्थ आम्हाला ठाऊक होते. एक म्हणजे घंटा वाजली की सुरू होणारा आणि पुन्हा घंटा वाजली की संपणारा तास. दुसरा अर्थ इतिहासाच्या तासाला कळला. गुरुजींनी फळ्यावर तीन चौकटी आखल्या आणि त्यांत ‘हिंदू पीरियड’, ‘मुस्लिम पीरियड’, ‘ब्रिटिश पीरियड’ असे लिहिले. मधल्या चौकटीवर खडू टेकवून ते म्हणाले, “आता हा सुरू.” तेवढ्यात वर्गातली पंधरा-वीस डोकी मागे वळून आमच्याकडे पाहू लागली. वर्गात आम्ही तिघे मुसलमान होतो. एकाच्या घरी कापूस पिंजण्याचे काम होते, दुसऱ्याचे वडील मिरचीच्या बाजारात हमाली करत आणि आमच्या घरी शिवणयंत्र होते. तिघांपैकी कोणाच्याही आजा-पणजाने कधी राज्य केले नव्हते. तरी पुढचे दोन आठवडे देऊळ पडले की ते आम्ही पाडलेले असे आणि ताजमहाल उभा राहिला की तोही आम्हीच बांधलेला असे. दोन आठवड्यांनी ‘ब्रिटिश पीरियड’ सुरू झाला आणि आम्ही पुस्तकातून गायब झालो.

यात गुरुजींचा दोष नव्हता. ते स्वभावाने प्रेमळ होते आणि ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला येत. त्यांनी जे फळ्यावर लिहिले ते त्यांना त्यांच्या गुरुजींनी शिकवले होते. प्रश्न असा की त्या गुरुजींना ते कोणी शिकवले? हा शब्द आपल्या खानदेशात आला कुठून, कधी, आणि येताना त्याने काय आणले? या प्रश्नाचा माग काढताना आम्हाला जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी शब्दाविषयी थोडे. ‘पीरियड’ हा मूळचा ग्रीक शब्द. ‘पेरी’ म्हणजे सभोवती आणि ‘होडोस’ म्हणजे वाट. फिरून पुन्हा जागेवर येणारी वाट, फेरा, असा त्याचा जुना अर्थ. उर्दूत आपण ‘दौर’ म्हणतो, त्याच्याही मुळाशी फिरणेच आहे. राज्याला आपण ‘दौलत’ म्हणतो, त्या अरबी शब्दातही पालटणे, पाळी येणे हाच भाव आहे. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात घराण्यांच्या चढ-उताराचे जे शास्त्र मांडले ते याच कल्पनेवर: एक घराणे वर येते, तीन-चार पिढ्यांत सैल पडते, दुसऱ्याची पाळी येते. त्याच्या हिशेबात पाळी घराण्याची असते. अख्ख्या धर्माची पाळी असते असे त्याने म्हटलेले नाही.

मराठीची जुनी सवयही अशीच. पेशवाई, मोगलाई, निजामशाही, आदिलशाही, होळकरशाही हे सगळे शब्द घराण्यांचे किंवा पदांचे. ‘अमक्याच्या अमदानीत’, ‘तमक्याच्या कारकिर्दीत’ असे आपले आजोबा म्हणत. ‘अमदानी’ फारसी, ‘कारकीर्द’ही फारसी, पण त्या बोलण्यात कोणाच्या धर्माचा उल्लेख नसे. मग हे ‘हिंदू’ आणि ‘मुस्लिम’ पीरियड आले ते कुठून?

१८१७ साली लंडनमध्ये जेम्स मिल नावाच्या गृहस्थाचा हिंदुस्थानच्या इतिहासावरचा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. मिलने हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. उलट, न पाहता लिहिल्यामुळे आपण अधिक निःपक्षपाती आहोत असा त्याचा दावा होता. त्याने इथल्या इतिहासाचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन तुकडे केले. यातली खोच अनेक इतिहासकारांनी दाखवली आहे. पहिल्या दोन तुकड्यांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला मात्र देशाचे. त्याच न्यायाने तिसरा ‘ख्रिस्ती पीरियड’ व्हायला हवा होता. तसे कोणी म्हटले नाही, कारण आपण धर्माच्या नव्हे तर कायद्याच्या जोरावर राज्य करतो असे साहेबाला दाखवायचे होते.

पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. दख्खनचा कमिशनर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट होता कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने धुळ्याला ठाणे केले. ही दोन नावे मुद्दाम देत आहोत. आपल्या भागात जमिनीची मोजणी आणि भिल्लांचा बंदोबस्त करणाऱ्या या दोन अधिकाऱ्यांनी पुढे इतिहासाचीही मोजणी केली.

ब्रिग्ज फारसीचा जाणकार होता. त्याने फरिश्त्याच्या प्रसिद्ध तवारिखेचे इंग्रजी भाषांतर केले आणि १८२९ साली ते चार खंडांत छापले. फरिश्ता विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. १६०४ मध्ये तो बुऱ्हाणपुरासही येऊन गेला होता. आपल्या ग्रंथाला त्याने धन्याच्या नावावरून ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ म्हणजे इब्राहिमचा बगीचा असे नाव दिले होते. बगीच्यात जसे वेगवेगळे वाफे असतात तशी त्याने मांडणी केली: दिल्लीचे सुलतान एकीकडे, दख्खनचे दुसरीकडे, गुजरातचे, माळव्याचे, खानदेशचे प्रत्येकी वेगळे. ब्रिग्जने भाषांतर केले आणि मुखपृष्ठावर नवे नाव घातले. त्याचा मराठीत अर्थ होतो ‘हिंदुस्थानातील मोहमेडन सत्तेच्या उदयाचा इतिहास’. वाफे पुसले गेले, एकच शेत झाले आणि त्याला एकाच मालकाचे नाव लागले. ग्रंथ तोच, पण वाचणारा पहिल्या पानापासून वेगळेच काही वाचू लागला.

एल्फिन्स्टनचा इतिहास १८४१ मध्ये आला. मिलच्या तुसडेपणाचा त्याला कंटाळा होता आणि इथल्या लोकांविषयी त्याला खरी आस्था होती. तरी भाग पाडताना त्यानेही ‘हिंदू’ आणि ‘मोहमेडन’ हेच दोन पाडले. मग सर हेन्री एलियट आणि जॉन डाउसन यांचे आठ खंड आले, १८६७ ते १८७७ या काळात. त्यांच्या तर नावातच ‘मोहमेडन पीरियड’ आहे. एलियटने १८४९ मध्येच प्रस्तावनेत आपला हेतू सांगून टाकला होता: जुन्या राजवटींचे जुलूम वाचून इथल्या प्रजेला इंग्रजी राज्याचे फायदे समजावेत. एवढे स्पष्ट सांगणारा माणूस विरळा. त्याने हजारो पानांच्या फारसी साहित्यातून लढाया, कत्तली आणि लूट यांचे उतारे प्रामुख्याने निवडले. कालवे, बाजारपेठा, वैद्यक, गाणे-बजावणे बाहेर राहिले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की फारसी लिहिणाऱ्या दरबारी मंडळींनी एलियटचे काम सोपे करून ठेवले होते. आपल्या धन्याची प्रत्येक स्वारी ही इस्लामची स्वारी, प्रत्येक लूट ही काफिरांना शिक्षा, असे लिहिण्याची त्यांची रीत होती. बक्षिसावर डोळा ठेवून लिहिलेल्या त्या मजकुराला एलियटने शब्दशः साक्ष मानले आणि आपल्यातल्या काहींनी तीच अभिमानाची सनद मानली. चूक दोन्हीकडे झाली.

मराठीत हा शब्द ‘रियासत’ होऊन आला. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या मुलांना शिकवत होते. त्या शिकवण्यातून त्यांचा इतिहास उभा राहिला. १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आली, मग ‘मराठी रियासत’ आणि शेवटी ‘ब्रिटिश रियासत’. सरदेसाईंचे कष्ट अफाट आहेत आणि त्यांच्या ऋणातून मराठी वाचक कधी मुक्त होणार नाही. आमचे लक्ष वेधले ते एका बारीक गोष्टीने. त्या सगळ्या मालिकेचे नाव होते ‘हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास’. म्हणजे १८९८ च्या मराठी वाचकाला सुलतान आणि मोगल ‘अर्वाचीन’ वाटत होते, अलीकडचे वाटत होते. आज त्यांनाच आपण ‘मध्ययुगीन’ म्हणतो. मधल्या काळात सुलतान जागचे हलले नाहीत, फक्त वरची पाटी बदलली.

आता या पाट्या घेऊन आपण नंदुरबारला जाऊ आणि त्या कुठे बसतात ते पाहू.

१३४२ साली मोरोक्कोचा इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारवरून गेला. महंमद तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी केले होते आणि आता वकील म्हणून चीनला पाठवले होते. पाटीप्रमाणे हा ‘मुस्लिम पीरियड’ ऐन भरात होता आणि पाहणारा तर खुद्द काझी. त्याने काय पाहिले? त्याला छोटेसे गाव दिसले आणि त्यात राहणारे मराठे दिसले. हे लोक हातकामात कुशल आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ब्राह्मण आणि क्षत्रिय हे त्यांच्यातले प्रतिष्ठित, असे त्याने सांगितले आहे. ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जिवाला पीडा देणे त्यांना आवडत नाही, जेवणाआधी स्वच्छ धुऊन घेतात, जवळच्या नात्यात लग्ने करत नाहीत. वाचताना वाटते, हा माणूस आपल्या गल्लीतूनच गेला असावा. ‘आमच्या राज्यातले हे गाव’ असा दर्प त्यात नाही. त्याला कुतूहल आहे, आणि स्वच्छतेबद्दल आदरही.

त्यानंतर दिल्लीची पकड सुटली. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला होता. तिथून फारुकींचे राज्य उभे राहिले. तापीच्या वरच्या अंगाला थाळनेर, आसीरगड, बुऱ्हाणपूर हे फारुकींचे. खालच्या अंगाला नंदुरबार आणि सुलतानपूर हे गुजरातच्या सुलतानांचे. हे सुलतानपूर आज शहादा तालुक्यात आहे. तवारिखांमध्ये ही दोन नावे जोडीने येतात, आणि बहुतेक वेळा भांडणाच्या संदर्भात येतात. १४१७ मध्ये माळव्याचा होशंगशहा आणि खानदेशचा नासिरखान फारुकी यांनी मिळून सुलतानपूरवर चाल केली, तेव्हा गुजरातचा अहमदशहा धावून आला. सोळाव्या शतकात हा टापू गुजरातकडून फारुकींकडे आला. अकबराने १६०१ मध्ये आसीरगड घेऊन फारुकींचे राज्य संपवले. ‘आईन-ए-अकबरी’त पाहावे तर नंदुरबार खानदेशात नाहीच, ते माळवा सुभ्यातले एक सरकार आहे. म्हणजे दोनशे वर्षे या गावाने पाहिले ते मुसलमान सुलतान मुसलमान सुलतानाशी लढताना. नंदुरबारच्या शेतकऱ्याला ‘मुस्लिम पीरियड सुरू आहे’ असे कोणी सांगितले असते तर त्याने विचारले असते, ‘कोणता मुसलमान? गुजरातचा, माळव्याचा की बुऱ्हाणपूरचा? सारा कोणाला द्यायचा तेवढे सांगा.’

आणि नंदुरबार ते सुरत या दोहोंमध्ये होते बागलाण. मुल्हेरला राठोड घराण्याचे हिंदू राज्य होते. कधी गुजरातला, कधी मोगलांना खंडणी देऊन ते टिकून राहिले, थेट १६३८ पर्यंत. त्याच दरबारात १५९६ मध्ये रुद्रकवीने राजघराण्यावर ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले. उत्तरेला अकबर होता, पूर्वेला फारुकी होते आणि मुल्हेरच्या डोंगरावर संस्कृत श्लोक रचले जात होते. त्या वर्षी बागलाणात कोणता पीरियड चालू होता?

सगळ्यात बोलका पुरावा मात्र बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आहे. राजा अलीखान फारुकीने ती बांधली. नावातच ‘राजा’ आणि ‘खान’ शेजारी शेजारी. या मशिदीत अरबी-फारसी लेखांबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. सृष्टीच्या निर्मात्याला नमन करून त्याची सुरुवात होते, पुढे फारुकी घराण्याची वंशावळ येते आणि मग काळ दिला आहे: संवत १६४६, शके १५११, तिथी-नक्षत्रासह. मशीद बांधणाऱ्या मुसलमान राजाला आपला काळ शक आणि संवतात सांगण्यात काही वावगे वाटले नाही. ज्या काळाला आपण ‘मुस्लिम’ म्हणतो, त्या काळातला मुसलमान आपल्या मशिदीत एकाच वेळी हिजरीही मोजत होता आणि शकही.

आता याची दुसरी बाजू पाहा. पेशव्यांच्या दप्तरातली मोडी पत्रे काढा. वर साल असते ते अरबीत. शुहूर सन. ११६१ हे साल लिहायचे तर ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. याच सालात, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपत झाले. हे साल मृग नक्षत्राला सुरू होई म्हणून त्याला मृगसाल म्हणत. आकडे अरबी, सुरुवात पावसाच्या नक्षत्रावर, लिहिणारा ब्राह्मण कारकून आणि राज्य पेशव्यांचे. महसुलासाठी फसली साल होते, तेही पिकावर बांधलेले. आजही आपले महसुली वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, १ ऑगस्टला होते. तलाठ्याला विचारून पाहा. मशिदीत शके आणि पेशव्यांच्या दप्तरात अरबी साल असताना त्या माणसांनी आपला काळ धर्माच्या गोण्यांत भरला होता असे म्हणवत नाही. गोण्या नंतर शिवल्या गेल्या.

अठराव्या शतकात तर आपल्या भागात पाट्या लावणाऱ्याची पंचाईतच होते. नाव मोगलांचे, सुभा निजामाचा, चौथाई मराठ्यांची. नवापूरच्या पलीकडे सोनगडच्या किल्ल्यावर १७२० च्या सुमारास पिलाजी गायकवाड बसला होता आणि तिथून बडोद्याच्या राज्याचा पाया घातला जात होता. एकाच गावातून दोघे-तिघे वसूल नेत. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये मात्र मुसलमान कुठे संपले आणि मराठे कुठे सुरू झाले याची स्वच्छ रेघ मारलेली दिसते. जमिनीवर ती रेघ कोणाला दिसली नसणार.

आणि सातपुडा? २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले जवळजवळ एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या डोंगराळ पट्ट्यात भिल्ल, पावरा यांची वस्ती. काठीसारखी मेवासी संस्थाने होती, त्यांचे राजे होते, काठीची राजवाडी होळी आजही पेटते. या लोकांचा ‘हिंदू पीरियड’ कोणता आणि ‘मुस्लिम पीरियड’ कोणता? दिल्लीचे तख्त पालटले म्हणून नर्मदाकाठच्या पाड्यावर काही पालटले नाही. त्यांच्यासाठी मोठा फरक पडला तो १८१८ नंतर, जंगलावर सरकारचा हक्क आला तेव्हा. मिलच्या तीन चौकटींत आपल्या जिल्ह्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक माणसांना जागाच नाही. आम्ही मुसलमान निदान चुकीच्या नावाने तरी पुस्तकात आलो. ते आलेच नाहीत.

हा शब्द निरुपद्रवी कसा असू शकतो हेही आमच्याच जिल्ह्यात पाहायला मिळते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा आहे. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथली पांढरी खणली. मातीचे थर उघडत गेले तसे त्यांनी त्यांना पीरियड एक, दोन, तीन, चार असे क्रमांक दिले. पहिला थर ताम्रपाषाण काळाचा, रंगवलेल्या खापरांचा. दुसऱ्यात लोखंड आले. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये वस्ती मोडल्याचा खंड सापडला, तोही त्यांनी नोंदवला. तिथे पीरियड ठरतो तो खापरावरून, चुलीवरून, लोखंडाच्या तुकड्यावरून. राजा कोण आणि त्याचा धर्म कोणता हे कुणी विचारले नाही, कारण खापर ते सांगत नाही. खापर सांगते ते एवढेच की इथे माणसे काय रांधत होती आणि कशात रांधत होती.

स्वातंत्र्यानंतर सुजाण इतिहासकारांनी मिलची नावे टाकून दिली. १९६९ मध्ये रोमिला थापर, हरबन्स मुखिया आणि बिपन चंद्र यांनी या जमातवादी मांडणीवर पुस्तिकाच काढली. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशी नवी नावे रूढ झाली. बरे वाटले. पण चौकटी त्याच राहिल्या. पूर्वी जिथे ‘मुस्लिम’ लिहिले होते तिथे ‘मध्ययुगीन’ आले, रेघा जुन्याच. शिवाय ‘मध्ययुग’ हाही उसना शब्द. युरोपात ग्रीस-रोमचे वैभव आणि आपला नवा काळ यांच्यामधली दरी म्हणून ती कल्पना निघाली. १६८८ मध्ये सेलारियस नावाच्या जर्मन विद्वानाने मध्ययुगाचा स्वतंत्र इतिहास लिहून तिला पक्के केले. त्यांच्या ‘अंधाऱ्या’ शतकांत बगदाद आणि कोर्दोबा येथे दिवे लागलेले होते. इस्लामी जगाला मध्ययुग नव्हतेच, असे थॉमस बाउअर या जर्मन अभ्यासकाने २०१८ मध्ये पुस्तक लिहून सांगितले.

मराठी वर्तमानपत्रांत या शब्दाचे काय झाले ते वाचक जाणतातच. कुठे काही क्रूर, अडाणी घडले की ‘मध्ययुगीन मानसिकता’ असा मथळा येतो आणि बहुधा खाली एखाद्या दाढीचे चित्र असते. वास्तविक पंचांग काढून पाहिले तर ज्ञानेश्वरी (१२९०) मध्ययुगीन, एकनाथ-तुकाराम मध्ययुगीन, १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक मध्ययुगीन, आणि १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ पूर्ण करणारे श्रीगोंद्याचे शेख महंमदही मध्ययुगीन. यांच्या मानसिकतेला कोणी ‘मध्ययुगीन’ म्हणत नाही; म्हणू नयेच. मग तो शब्द राहतो कोणासाठी? ज्यांच्यासाठी पूर्वी ‘मुस्लिम पीरियड’ हा शब्द होता, त्यांच्यासाठीच.

आता आपल्या घरातले बोलू. या शब्दाने आपलेही नुकसान केले आणि ते आपण आनंदाने करून घेतले. ‘आपण आठशे वर्षे राज्य केले’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर किती वेळा ऐकू येते! हे मिलचे वाक्य आहे. आपण ते उर्दू वळणाने बोलतो एवढेच. राज्य केले तुघलकांनी, फारुकींनी, मोगलांनी. आपले पूर्वज विणत होते, पिंजत होते, कातडी कमावत होते, घोड्यांना नाल मारत होते आणि त्याच राज्यांना सारा देत होते. राजांची वंशावळ डोक्यावर घेतली तेव्हा त्यांच्या पापांची जबाबदारीही डोक्यावर आली, आणि आपल्या खऱ्या आजोबांचा हातमाग कोपऱ्यात पडून राहिला. त्याचा इतिहास आपणही लिहिला नाही.

दुसरे नुकसान असे की पीरियड संपला की मुसलमानही संपतात. १८१८ नंतरच्या धड्यांत आपण थेट मुस्लिम लीग आणि फाळणीच्या वेळी उगवतो. मधली शंभर वर्षे आपण काय करत होतो? पुण्याच्या येरवडा तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांना कोणत्या पीरियडमध्ये बसवायचे? संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ वाजवत गावोगाव फिरणारे शाहीर अमरशेख कोणत्या चौकटीतले?

तिसरे नुकसान अलीकडचे आहे. गठ्ठ्यावर एका समाजाचे नाव असले की तो उचलून बाजूला ठेवणे सोपे जाते. २०१७ मध्ये आपल्या राज्याच्या सातवीच्या इतिहासातून मोगलांचा बराचसा मजकूर कमी झाला. २०२३ मध्ये बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून मोगल दरबारांवरचे प्रकरण निघाले. आपल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली ती ‘आमचा इतिहास काढला’ अशी. विरोध करणारेही तीच चौकट धरून बोलले. वास्तविक कमी झाली ती आग्र्याची, लाहोरची आणि नंदुरबारचीही काही शतके. त्या शतकांत राहिलेल्या सगळ्यांचीच ती होती: इब्न बतूताला भेटलेल्या वैद्यांची, मुल्हेरच्या कवीची, मशिदीत संस्कृत कोरणाऱ्या पाथरवटाची.

गेल्या वर्षी घरातल्या एका मुलीला शाळेतून ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ असा प्रकल्प मिळाला. तिने मोठा कागद आणून सवयीने तीन रकाने आखले. आम्ही तिच्याबरोबर बसलो. हातात जे होते ते तिला देत गेलो: १३४२, १४१७, १५९०, १६०१. नंतर तावेर्निये निघाला. हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने जाताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम सांगतो. नवापूरविषयी तो लिहितो की हे विणकरांचे मोठे खेडे आहे, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीसारखा. मोठे लोक दुसरा तांदूळ खात नाहीत, आणि इराणात कोणाला खुश करायचे तर या तांदळाचे पोते भेट नेतात.

मुलगी हसू लागली. तिच्या नानीचे माहेर नवापूरचे. तिने पेन उचलले आणि रकान्यांवरून फिरवत विचारले, “चाचा, तांदूळ कोणत्या पीरियडमध्ये लिहू?”

आम्ही म्हणालो, “शतक लिही आणि गाव लिही.”

तिने कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर ‘सतरावे शतक, नवापूर’ असे लिहिले आणि नानीला फोन करायला उठली; तो तांदूळ अजून कोणी पेरते का, ते विचारायला.